रामशेजचे खानसाहेब

आमच्या हापिसात खानसाहेब म्हणून एक गृहस्थ होते. ते खान नव्हते आणि साहेब तर मुळीच नव्हते, हेडक्लार्क होते. पूजा झाल्याशिवाय चहा न घेणारे, चतुर्थी पाळणारे, मटणाचा वास आला की गल्ली बदलणारे. पण नाशकात त्यांचं खरं नाव घेऊन पत्ता विचारलात तर त्यांच्याच गल्लीतला वाणी डोकं खाजवायचा. 'खानसाहेब कुठं राहतात' म्हटलं की तोच वाणी दुकान सोडून दारापर्यंत पोचवायला यायचा. गल्लीतली पोरं त्यांच्या बायकोला खानकाकू म्हणत, आणि त्या बिचाऱ्या ओ देत.

नाव त्यांनी कष्टानं कमावलं होतं. शहराबाहेर पेठच्या रस्त्याला रामशेजचा किल्ला आहे. लांबून बघितला तर कुणाच्या नजरेत भरणार नाही इतका साधा. पण मोगलांची फौज एके काळी या किल्ल्याखाली वर्षानुवर्षं बसून राहिली होती. एकामागून एक खान आले, दमले, गेले, आणि वरच्या मूठभर माणसांनी किल्ला काही दिला नाही. संक्रांतीनंतरच्या एका रविवारी आमचं हापिस हा वेढा पुन्हा घालायचं. पागोटी, अंगरखे, बांबूचे भाले, गोफणी, लाकडी तोफ, सगळं घेऊन खरोखरीचा वेढा. त्यात हेडक्लार्क दरवर्षी खान व्हायचे आणि दरवर्षी हरायचे.

सुरुवात कशी झाली ते मला जुन्या लोकांनी सांगितलं, कारण तेव्हा मी हापिसात नव्हते. हापिसची सहल रामशेजला गेली होती. जेवणं झाल्यावर हेडक्लार्कनी सगळ्यांना वेढ्याची गोष्ट सांगितली, आणि ती इतकी रंगवली की लोक पानाचे डबे मिटून उठले. आपणही लढाई करू असं ठरलं. पाच मिनिटांत सगळं हापिस मावळे होऊन तटावर उभं राहिलं आणि खाली चिटपाखरू नाही. मोगल व्हायला कुणी तयार होईना. 'तू जा, तू जा' झालं, दोघांची तर जुनी भांडणं उकरून निघाली. तेव्हा हेडक्लार्क उठले, उपरणं डोक्याला गुंडाळलं आणि एकटे खाली उतरून गेले. खालच्या खडकावर उभं राहून त्यांनी वरच्यांना जे काही दरडावलं, त्यानं म्हणे वरच्यांना पहिल्यांदा आपण किल्ल्यात आहोत असं वाटलं.

तेव्हापासून त्यांचं एक ठरलेलं वाक्य झालं. जिंकायला कुणीही येतं, हरायला माणूस लागतं. आणि हरायचं तर मन लावून हरायचं, उगाच दोन पावलं चढून लोळण घ्यायची नाही. खानानं किल्ला घ्यायचाच या तयारीनं आलं पाहिजे, तरच न मिळण्याला अर्थ आहे, असं ते तावातावानं सांगायचे.

मी टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा आणीबाणी नुकती उठली होती. पहिल्याच आठवड्यात चहाच्या वेळी एक उंच, किडकिडीत, जाड भिंगांचा माणूस माझ्या टेबलाशी आला आणि मला गोफण चालवता येते का असं विचारलं. मी नाही म्हटलं. मग विचारलं, आरडाओरडा? त्याला मी हो म्हटलं. हापिसातल्या बायकांनी वेढ्याच्या दिवशी भाकऱ्या करून आणायच्या, असा तोवरचा रिवाज होता, तो मला इतर बायकांनी सांगितला. मी सरळ खानसाहेबांकडे गेले आणि म्हटलं, भाकऱ्या पुरुषांनाही थापता येतात, मला लढायचंय. ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले की खरंच, गडावर बायका असणारच, आणि इतकी वर्षं त्या नुसत्या बघत बसल्या असतील हे काही पटत नाही. त्या वर्षीपासून लाकडी तोफ माझ्या ताब्यात आली. आंब्याचं खोड कोरून त्यावर कातडं चढवलेलं ते धूड होतं. त्यातून उडत काहीच नव्हतं. मी पलिता लावल्यासारखं करायचं आणि मागं पायथ्याच्या वाडीतल्या माणसानं हलगीवर थाप मारायची.

डिसेंबर लागला की खानसाहेबांच्या अंगात खान यायला सुरुवात व्हायची. चाल बदलायची. एरवी भिंतीच्या कडेकडेनं जाणारा माणूस हापिसाच्या मधोमध चालायला लागायचा. शिपायानं चहा ठेवला की 'पेश करो' म्हणायचे. अडकलेल्या फायलीला ते वेढा म्हणत, आणि एखादी फाईल वर्षभरानं सुटली की 'किल्ला सर झाला' असा पुकारा करत. उर्दू त्यांना येत नव्हती. त्यांची ती भाषा पंचवटीत सुरू होऊन कुठंतरी मालेगावच्या अलीकडेच पेट्रोल संपून थांबायची. पण आत्मविश्वास असा की आमचा जीपड्रायव्हर दस्तगीर, ज्याची ती घरची भाषा, तोही मान डोलवायचा.

दस्तगीरचंही सांगितलं पाहिजे. तो नवा आला तेव्हा दोघातिघांनी लगेच सुचवलं की आता खान व्हायला खरा माणूस मिळाला, तुम्ही सुटलात. खानसाहेबांचा चेहरा उतरला असेल असं वाटून मी बघितलं, तर ते चिडले होते. गडावरच्या तोफा डागणारे गोलंदाज कोण कोण होते ते वाचा जरा, म्हणाले, आडनावं बघून कामं वाटायला ही काय लग्नाची बोलणी आहेत? मग दस्तगीरलाच बोलावून विचारलं, तुला काय व्हायचंय.

"वरच राहतो की साहेब," दस्तगीर म्हणाला. "गोफण येते मला. लहानपणी ज्वारीवरची पाखरं मीच हाकलायचो."

गोफणीत अर्थात दगड नसायचा, चिंध्यांचा गच्च चेंडू असायचा. तो लागला की मेलं. मेलेल्यानं वेढा उठेपर्यंत उठायचं नाही, आणि वेढा उठेपर्यंत वरच्यांपैकी कुणी गड उतरून घरी जायचं नाही, हे दोन नियम खानसाहेबांनी घातलेले. दस्तगीर आल्यापासून मोगल इतक्या लवकर मरायला लागले की दुपारपर्यंत अर्धी फौज बोरीच्या सावलीत घोरत पडलेली असायची.

नियम तर किती. घड्याळ घालायचं नाही, वेळ उन्हावरून ओळखायची. प्लॅस्टिक दिसता कामा नये. चहा नाही, कारण तो तेव्हा नव्हता. बटाटा नाही, शेंगदाणा नाही, टोमॅटो नाही, पेरू नाही. आमच्या अकाउंटंटनं एकदा अंगरख्याच्या बाहीतून बटाटावडा आणला होता, तर खानसाहेबांनी लढाई थांबवून त्याला तो वाडीतल्या कुत्र्याला घालायला लावला. मिरचीचं प्रकरण बरेच दिवस चाललं. मिरची तेव्हा दख्खनमध्ये पोचली होती की नव्हती यावर त्यांनी सार्वजनिक वाचनालयात रविवार घालवले, आणि शेवटी ठेच्याला परवानगी मिळाली तेव्हा हापिसात पेढे वाटले गेले. स्वतःचा चष्मा मात्र ते सोडत नसत. त्या काळी चष्मे होते, असं ते पुराव्यानिशी सांगत, आणि पागोट्याखालून दोरा घेऊन कानामागं बांधत. चष्म्याशिवाय त्यांना किल्लाच दिसत नव्हता हे खरं कारण होतं.

पहाटे आम्ही सगळे नाशकातल्या द्वारका चौकात जमायचो, तिथून टेम्पो. हायवेच्या कडेला ट्रकवाल्यांच्या गर्दीत भाले घेतलेली माणसं कुडकुडत उभी असायची. लोक कुठलं वऱ्हाड म्हणून विचारायचे. आणीबाणीत एकदा तिथं पोलिसानं अडवलं होतं, ती गोष्ट हापिसात अजून सांगतात. जमाव कशासाठी जमवला, असं पोलिसानं दरडावून विचारलं.

"किल्ला घ्यायला," खानसाहेब म्हणाले.

"मिळेल का?"

"नाही."

"मग जा," पोलिस म्हणाला.

जुन्या हकिगतीत असं आहे की एका खानानं शेवटी एक मांत्रिक आणला. हातात सोन्याचा नाग घेऊन मी पुढं चालतो, तुम्ही मागून या, किल्ला आपोआप मिळेल, असं त्यानं सांगितलं. मांत्रिक चढायला लागला, वरून गोफणीचा दगड छातीत बसला आणि नाग एकीकडे, मांत्रिक दुसरीकडे. हा प्रसंग खानसाहेबांचा जीव की प्राण. त्यांनी भांडीबाजारातून पितळेचा हातभर नाग घडवून आणला होता आणि मांत्रिकाचं काम आमच्या गोलमटोल अकाउंटंटला दिलं होतं. एका वर्षी दस्तगीरचा चेंडू त्याला असा काही बसला की तो खरोखरच निवडुंगात जाऊन पडला आणि नाग घरंगळत दरीत गेला. मग कसली लढाई. मावळे, मोगल, मेलेले, जिवंत, सगळे मिळून संध्याकाळपर्यंत झुडपं धुंडाळत होतो. सापडला नाही. पुढच्या वर्षी गेलो तर वाडीच्या वेशीवर उंबराखाली तोच नाग मांडलेला, हळदकुंकू वाहिलेलं, पुढं नारळ.

खानसाहेबांनी वाडीतल्या म्हाताऱ्याला हळूच सांगितलं की हा नाग आमचा आहे, भांडीबाजारातला. म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे दयेनं बघितलं. "आसंल बाबा. पर आता त्यो हितं बसलाय. उठवतो कसा? लय जागृत हाय." खानसाहेब इतके खूश झाले की विचारू नका. आपल्या हातून इतिहासात भर पडली, असं ते महिनाभर सांगत होते. त्यानंतर दरवर्षी खान आधी नागोबाला नमस्कार करायचा आणि मग किल्ल्यावर चाल करून जायचा.

वाडीतल्या लोकांचा जीव खानावरच होता. वरच्या मावळ्यांची नावंही त्यांना ठाऊक नव्हती. हे आले की म्हातारा हाक मारायचा, "काय खान, औंदा तरी चढतो का नाय वर?" आणि हरून उतरले की त्यांना ओट्यावर बसवून नागलीची भाकरी द्यायचा. आम्ही जिंकलेले टेम्पोत ताटकळत बसायचो.

खानकाकू मात्र कधी आल्या नाहीत. खानाचा अंगरखा त्याच शिवायच्या, फाटला की ठिगळ लावायच्या, पण किल्ल्यावर चला म्हटलं की म्हणायच्या, नवरा हरताना काय बघायचं, तो घरी रोज दिसतोच. त्यांचा रोख मला हळूहळू कळला. खानसाहेबांच्या तोंडी 'नाही' हा शब्दच नव्हता. साहेबांनी संध्याकाळी पाचला काम दिलं की 'होय सर'. शेजाऱ्यानं शिडी मागितली, होय. ती परत आणून देण्याऐवजी आणखी उंच शिडी मागितली, तरी होय. वर्गणीवाली तीन मंडळं एकाच संध्याकाळी आली तरी तिघांनाही होय. आणि काकूंना तर लग्नापासून होयच. ह्यांना ऊस मागितला तर मूळ उपटून देतील, असं काकू वैतागून म्हणायच्या.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना सहज विचारलं की तुम्हाला कधी वर, किल्लेदार व्हावंसं नाही वाटत का. डब्यातली उसळ त्यांनी चमच्यानं इकडून तिकडे केली. मग म्हणाले,

"बाई, इतकी वर्षं मी मागतोय आणि वरून नकार येतोय. एकदा कुणीतरी माझ्याकडे मागावं आणि मी 'नाही' म्हणावं, एवढीच इच्छा आहे. मागणारा मोठा असावा."

बोलून झाल्यावर त्यांना लाज वाटली असावी. लगेच त्यांनी किल्लेदाराच्या नावाबद्दल पुस्तकांत कसा मेळ नाही ते सांगायला सुरुवात केली. पण मला ते वाक्य लागलं. मी हापिसभर ते पसरवलं, आणि ठरलं की रिटायर व्हायच्या वर्षी खानसाहेब किल्लेदार होणार. अकाउंटंटनं खान व्हायचं कबूल केलं. काकूंनी कधी नव्हे ते स्वतःहून कापड आणलं आणि पांढरा शुभ्र अंगरखा शिवला. या वर्षी मी येणार, म्हणाल्या.

आणि ऐन डिसेंबरात आमच्याकडे नवे साहेब बदलून आले. माणूस वाईट नव्हता, उत्साही होता, आणि तेच नडलं. वेढ्याचं ऐकून ते हरखले. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आणतो म्हणाले, दोन वाजता येईल. आणि हापिसचा प्रमुख तोच गडाचा प्रमुख, तेव्हा किल्लेदार मीच होतो, काय खानसाहेब?

"होय सर," खानसाहेब म्हणाले.

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. दुसऱ्या दिवशी अकाउंटंटनं खानाचा जुना अंगरखा गुपचूप त्यांच्या टेबलावर आणून ठेवला, कारण साहेबांविरुद्ध लढणं त्याच्या नोकरीत बसत नव्हतं. खानसाहेबांनी तो घडी करून पिशवीत घातला. मी संतापले होते. ते मला एवढंच म्हणाले की घरी सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका, वर गेल्यावर तिला कळेलच.

त्या रविवारी साहेब जीपमधून आले ते नाटक कंपनीकडून आणलेला मखमली पोशाख घालून. आम्ही सगळे गड चढलो, काकूही चढल्या, मध्ये रामाच्या गुहेशी दम खाऊन. नऊवारी नेसल्या होत्या. दरवाज्यापाशी चांगली जागा बघून बसल्या. हे अंगरखा घरीच विसरले, वेंधळे कुठले, म्हणून तो त्यांनी पिशवीत घालून आणला होता. खानसाहेब अंधारातच पुढं गेले होते आणि खालच्या खडकापाशी, वरून दिसू नये अशा बेतानं छावणी टाकून बसले होते.

साहेबांनी सगळ्यांना बाहीखालचं घड्याळ दाखवलं. लढाई दोन वाजता, तोवर गडाच्या मागं आंब्याखाली जीप उभी आहे, थर्मासमध्ये चहा आहे आणि टोपलंभर बटाटेवडे आहेत. गडावर न्यायला बंदी ना, मग खाली जाऊन खाऊ. खान काय पळून जातोय? चहाचं नाव निघताच रामशेजची शिबंदी मागच्या वाटेनं अशी उतरली की तशी कधी चढली नव्हती. इतकी वर्षं सतत जिंकून त्यांना किल्ला राखावा लागतो हेच विसरायला झालं होतं. तोफेमागं झोपलेला हलगीवाला सोडला तर वर राहिले तिघं. मी, कारण माझा साहेबांवर राग होता. काकू, कारण त्या नवऱ्याला बघायला आल्या होत्या. आणि दस्तगीर, कारण त्याला पहाऱ्याची जागा सोडून जायचं नाही असं खानसाहेबांनी कधीतरी सांगितलं होतं.

ऊन डोक्यावर आलं. खानसाहेबांकडे घड्याळ नव्हतं. दरवर्षीच्या वेळी त्यांनी चढाई केली. खालून आरोळी आली, मग बराच वेळ काही नाही, आणि मग वळणावर ते दिसले. मागं फौज म्हणून चारपाच तरुण कारकून. ते चढत होते आणि दर दहा पावलांवर थांबून वर बघत होते. दगड येईना, शिव्या येईनात, हलगी वाजेना. इतक्या वर्षांत ते कधी अर्ध्याच्या वर आले नव्हते. चेहऱ्यावर भीती स्पष्ट दिसत होती.

दस्तगीरनं गोफण हातात घेतली आणि वाकून विचारलं, "खानसाहेब, मारू का?"

खानसाहेबांनी विचारलं, बाकीचे कुठायत.

"वडे खायला गेलेत."

ते तसेच दरवाज्यापर्यंत आले. समोर काकू. काकूंनी त्यांच्या अंगातला खानाचा अंगरखा वरपासून खालपर्यंत बघितला. त्यांनीच लावलेली ठिगळं होती ती.

"साहेब आले ऐन वेळी," खानसाहेब पुटपुटले.

"आणि तुम्ही होय म्हणालात."

खानसाहेबांना मात्र वेगळाच घोर लागलेला. किल्ला पडला, म्हणत होते. खान आत आला. असं झालेलं नाही, हे असं कुठंच लिहिलेलं नाही, मी आधी खाली जातो. आणि ते खरंच वळले.

काकूंनी पिशवीतून पांढरा अंगरखा काढला. "खान कुठं आत आलाय? मला तर कुणी खान दिसत नाही. हापिसातून माझे यजमान आलेत. घाला हे."

कातळाच्या आडोशाला जाऊन ते अंगरखा बदलून आले. जरा सैल झाला होता, पण काय सांगू, माणूस चांगला दिसत होता. मी तोफ वळवली. मोगल कारकुनांनी विचारलं की आम्ही आता कोण, तर त्यांना सांगितलं, शिबंदी. त्यांनाही आयुष्यात पहिल्यांदा जिंकायची संधी मिळाली होती, ते जीव तोडून दगडगोटे रचायला लागले. मागच्या वाटेवर आडवा बांबू घालून ती बंद केली.

साहेबांची मंडळी वडे खाऊन मागच्या वाटेनं आली तर वाट बंद. मग ते वळसा घालून पुढच्या अंगाला आले, मागं फोटोग्राफर, त्यामागं सगळी वाडी. साहेबांनी खालून सांगितलं की दार उघडा, मी किल्लेदार आहे. वरून चिंध्यांचे चेंडू सुटले. काय चाललंय ते माझ्यामागच्या हलगीवाल्याला आता कळलं आणि त्यानं अशी हलगी घुमवली की मोर उडाले. अकाउंटंट मांत्रिकाची सवय असल्यानं पहिल्याच फटक्यात आडवा झाला. दस्तगीरनं गोफण फिरवली, थांबला, माझ्याकडे बघितलं. खाली त्याचे साहेब होते, सोमवारी त्यांचीच जीप चालवायची होती. मग त्यानं डोळे मिटून सोडली आणि चेंडू बरोबर मखमलीच्या मधोमध बसला.

साहेब लालेलाल झाले होते. पण फोटोग्राफर समोर, आणि वाडीतली माणसं एकसुरात 'मेला, मेला' म्हणत होती. साहेबांनी इकडेतिकडे बघितलं आणि बोरीच्या सावलीत जाऊन आडवे झाले. थोड्या वेळानं घोरायला लागले. नंतर ते स्वतःच सांगायचे की दिवाळीपासून इतकी चांगली झोप लागली नव्हती.

ऊन उतरलं. साहेब उठून बसले, मेलेले अंग झटकत गोळा झाले, वरचे आनंदानं ओरडत होते. खानसाहेब तटाशी एकटे उभे होते. मी जवळ गेले. मला वाटलं, डोळे भरून आले असतील. पण ते हिरमुसलेले होते.

"खान आलाच नाही हो, बाई," ते म्हणाले. "साहेब आले ते दार उघडा म्हणत. किल्ला मागितला कुठं कुणी?"

साहेबांना पुन्हा खाली जाऊन खान व्हा म्हणून सांगायची हिंमत माझ्यात नव्हती, आणि दुसरं कुणी त्यासाठी नव्हतं. तेवढ्यात माझ्या शेजारून काकू उठल्या. त्यांनी पदर खोचला आणि एकेक पायरी जपून उतरत खालच्या खडकापाशी गेल्या. खडकावर चढायला म्हाताऱ्यानं हात दिला. तिथं उभ्या राहून त्यांनी कमरेवर हात ठेवला आणि वर बघितलं.

"ऐ किल्लेदार," काकू म्हणाल्या. हलगी थांबली. "बादशहा सलामतांचा हुकूम आहे. किल्ला खाली कर. जहागीर देतो, मानाचा पोशाख देतो. नाही दिलास तर दगडावर दगड ठेवणार नाही."

खानाचं भाषण होतं ते, अक्षर न् अक्षर. दर हिवाळ्यात न्हाणीघरातून ऐकून ऐकून पाठ झालेलं. हेल काढण्याच्या जागासुद्धा त्याच.

खानसाहेबांनी तटाला हात टेकला. तोंड उघडलं, मिटलं. या बाईंना या माणसानं जन्मात कधी नाही म्हटलेलं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. मला ऐकू आलं, खाली पोचलं नसेल. मग त्यांनी छाती भरून घेतली. "नाही. किल्ला मिळणार नाही."

"नीट विचार केलात?" काकूंनी विचारलं. हे भाषणात नव्हतं.

"केला."

"बरं. मग मी बसते इथंच," असं म्हणून काकू त्या खडकावर पदर सावरून मांडी घालून बसल्या.

खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, थंडी पडायला लागली होती, आणि उद्या हापिस होतं. पण वेढा उठल्याशिवाय गड उतरायचा नाही हा नियम होता. साहेबांसकट आम्ही सगळे गपचूप थांबलो.